पन्नास सायकलचा षड्ज

कूलरची मोटार दोन कारणांनी आवाज करते. बुश (दांडा जिच्यात फिरतो ती बैठक) गेली असेल तर खरखर येते. ती काढायला वीस मिनिटं पुरतात. पण स्टॅम्पिंग, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांची चळत, ढिलं झालं असेल, किंवा वाइंडिंगला व्हार्निश नीट पाजलं नसेल, तर गुणगुण येते. ती काढणं कटकटीचं काम. मोटार खोला, पुन्हा कसा, व्हार्निश ओता, उन्हात वाळवा (नागपुरात भट्टी लागत नाही, मे महिना पुरतो), आणि एवढं करून गिऱ्हाईक घरी पोचल्यावर फोन करतंच, "भाऊ, थोडा आवाज अजून येऊन राहिला ना."

गोकुळपेठेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, १९९८ पासून. त्याआधी अकरा वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, आणि तिथंही माझा अर्धा वेळ गुणगुण काढण्यात जायचा. स्टेजच्या मागं जमिनीत सळई ठोकायची, तिच्याभोवती मीठ टाकून बादलीभर पाणी ओतायचं, अर्थिंग तिथं बांधायचं, तरी हॅलोजन लागले रे लागले की गिटार मधमाशीसारखी गुंगुं करायला लागायची. गायिका माझ्याकडं असं बघायची जणू तो आवाज मीच काढतोय.

त्यामुळे भाच्याच्या पहिल्या अल्बमची पहिली बावीस सेकंदं ऐकली तेव्हा मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या बावीस सेकंदांत दुसरं काही नाहीच. नुसती गुणगुण.

अल्बम जॅझ गिटारचा आहे. आठ तुकडे, एक्केचाळीस मिनिटं. कुठं नायलॉनच्या तारांची साधी लाकडी गिटार, कुठं इलेक्ट्रिक, आणि दोन्हींना चिरून, ताणून, उलटंपालटं करून परत विणणारा लॅपटॉप. पोराचं नाव आणि अल्बमचं नाव इथं लिहायची मला सक्त मनाई आहे. "मामानं लिहिलं म्हणून लोकांनी ऐकलं, असं नको," म्हणतो. माझ्या लिहिण्यानं किती लोक धावत जाऊन ऐकणार होते ते देव जाणे, पण शब्द दिलाय तर पाळतो.

त्रिमूर्तीनगरात ताईच्या घरावर गच्चीत एक खोली आहे. भाऊजींनी अडगळीसाठी बांधली होती, बारावीनंतर हा तिथं राहायला गेला तो खाली उतरलाच नाही. डोक्यावर स्लॅब, पश्चिमेला भिंत. मे महिन्यात दुपारी चारला त्या भिंतीला हात टेकवला तर आपोआप मागं येतो. बाहेर ४५ अंश. कूलरशिवाय माणूस तिथं टिकत नाही, आणि कूलर चालू असताना माइक लावता येत नाही. म्हणून सगळं रेकॉर्डिंग चार-चार मिनिटांच्या हप्त्यांत झालं. कूलर बंद करायचा, पंख्याचं पातं थांबेपर्यंत दम धरायचा, वाजवायचं, आणि शेवटचा सूर विरला की धावत जाऊन बटण दाबायचं. ताई जिन्यात पन्ह्याचा ग्लास घेऊन उभी. आत यायची सोय नाही, तिच्या बांगड्या माइकमधे येतात.

मग रात्री का नाही केलं? मीही तेच विचारलं. रात्री अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर चालू असतात. शिवाय लग्नाचे दिवस.

अशा उन्हात गिटारचे काय हाल होतात ते सांगतो, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. गिटारच्या तोंडावरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. हवेत पन्नास टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला की ती सुखात असते. आमच्याकडं मेमधे दुपारी तो वीसच्याही खाली जातो. लाकूड आकसतं, पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटांना ओरबाडतात, आणि एखाद्या दुपारी कुणी हात लावलेला नसताना फळी तडकते. फटाक्यासारखा आवाज येतो. माझी कलकत्त्याची गिटार अशीच गेली, १९९१ साली, पलंगाखाली. भाच्यानं तिच्यावरून धडा घेतला. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला तो तापलेल्या सुईनं भोकं पाडतो, आत ओला स्पंज ठेवतो आणि ती डबी तारांमधून गिटारच्या पोटात सोडतो. रोज सकाळी दात घासले की स्पंज ओला करायचा. ताई म्हणते, तुळशीला पाणी घालायचं विसरेल, पण हिला नाही विसरणार.

तर त्या मे महिन्यात एका दुपारी फोन आला. "मामा, येऊन बघ ना. कूलर बंद आहे तरी आवाज येऊन राहिला."

गेलो. त्यानं स्क्रीनवर आवाजाचा नकाशा काढून दाखवला. खाली, १०० च्या आकड्यावर, टोकापासून टोकापर्यंत एक सरळ पांढरी रेघ. लाकडी गिटारच्या माइकमधेही होती आणि इलेक्ट्रिकमधे तर जाडजूड. माइकमधली कुठून येत होती ते मला लगेच कळलं. शेजारच्या काकूंचा कूलर भिंतीला टेकवलेला होता. आपली वीज पन्नास सायकलची. मोटारीच्या लोखंडाला चुंबक सेकंदाला पन्नास वेळा एका बाजूनं ओढतं, पन्नास वेळा दुसऱ्या बाजूनं, म्हणून लोखंड शंभर वेळा थरथरतं. ती शंभरची रेघ भिंतीतून येत होती. आणि इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. माझ्याच धंद्यातली वस्तू. वरची गिटारची तार हलली की या तांब्याच्या तारेत वीज उमटते, हे तिचं काम. पण आजूबाजूच्या वायरिंगमधली वीजही ती तितक्याच इमानदारीनं उचलते.

यावर १९५५ सालीच उपाय निघालेला आहे. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर या माणसानं एकाच्या शेजारी एक अशी दोन कॉइलं बसवली, चुंबकं उलटसुलट, वाइंडिंगही उलटसुलट. गिटारच्या तारेचा आवाज दोन्हीत मिळून दुप्पट होतो आणि बाहेरची गुणगुण एकीतली दुसरीला खाऊन टाकते. भाच्याच्या गिटारमधे एकच कॉइल. म्हटलं, थांब, तुला एक खोटं कॉइल करून देतो, चुंबक नसलेलं. ते फक्त गुणगुण ऐकेल आणि उलटं जोडलं की ती कापेल.

ते कॉइल गुंडाळायला मला तीन रात्री लागल्या. पिकअपची तार मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी जाड असते. केस बरा. माझं मशीन पंपांच्या आणि कूलरच्या मोटारींसाठी. त्यावर ही तार घातली की पाच-सहाशे वेढ्यांनंतर तुटायची. आणि वेढे हवेत आठ हजारांच्या घरात. शेवटी मशीनची मोटार काढून टाकली आणि हँडल हातानं फिरवलं. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत तार धरायची, इतकी हलकी की धरलीय असं वाटलंही नाही पाहिजे, आणि शिंकायचं नाही. बायको जेवायला बोलवायची तेव्हा मी आकडा मोठ्यानं म्हणून उत्तर द्यायचो, "चार हजार दोनशे सोळा." तिसऱ्या रात्री पूर्ण झालं. सिरीजमधे मीटर लावून तपासलं, मेण पाजलं, पाकिटात घालून दिलं. पोरगं खूश. मी त्याहून खूश. ऑर्केस्ट्रातली अकरा वर्षं जे मला जमलं नव्हतं ते भाच्यासाठी करून दिलं, असं काहीसं मनात होतं.

आणि मग दिवाळीच्या आधी अल्बम आला, आणि पहिल्याच तुकड्यात ही बावीस सेकंदं.

"माझं कॉइल काऊन नाही लावलं बे?"

"लावलं मामा. चौथ्या आणि सातव्या तुकड्यात लावलं. एकदम साफ आहे."

"आणि पहिल्यात?"

"पहिल्यात मला तोच आवाज पाहिजे होता."

मी फोन ठेवून दिला. चार दिवस ऐकलं नाही. रागावलो होतो हे आता कबूल करायला हरकत नाही.

मला जॅझ कुठून माहीत, असं कुणी विचारेल. अजनीच्या रेल्वे कॉलनीत आमच्या रांगेत एक रिटायर्ड अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहायचे. माझे बाबा रेल्वेत फिटर. साहेबांकडं वाल्वचा रेडिओ होता आणि रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक १९५५ पासून तो करत होता. तो मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, म्हणून माझ्यासारख्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या पोरालाही थोडंफार कळायचं. आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. पुढं पुष्कळ वर्षांनी मी तसला आवाज करणारं पेडल पाहिलं, हजारो रुपयांचं. आम्हाला तो फुकट मिळत होता.

गार्डसाहेबांनी मला पहिल्या कॉर्ड शिकवल्या आणि चार्ली ख्रिश्चन हे नाव दिलं. त्याच्या आधी मोठ्या बँडमधे गिटार म्हणजे ताशाच्या जोडीला खुळखुळा. दहा-बारा तुताऱ्यांपुढं ती ऐकूच यायची नाही. १९३६ साली गिब्सननं पिकअप लावलेली एक गिटार काढली. सोबत अँप्लिफायर आणि वायर, सगळं मिळून दीडशे डॉलर. ती घेऊन हा पोरगा १९३९ साली बेनी गुडमनच्या बँडमधे गेला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीनं लांबलचक सोलो वाजवायला लागला. १९४२ साली क्षयानं वारला, पंचविसाव्या वर्षी. हातात मिळाली तीन वर्षं, आणि तेवढ्यात त्यानं गिटारचा दर्जाच बदलून टाकला. साहेब म्हणायचे की हे त्याच्या बोटांनी केलं. मी वाइंडिंगवाला झाल्यापासून म्हणतो, निम्मं श्रेय तांब्याच्या तारेला द्या.

लाकूड खरं की वीज खरी, हे भांडण तेव्हापासूनचं आहे. जँगो राइनहार्ट. १९२८ साली वॅगनला लागलेल्या आगीत ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली आणि उरलेल्या दोन बोटांवर ज्यानं युरोप वेडा केला. तोही आयुष्यभर लाकडी गिटारवर वाजवून १९४६ साली ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत गेला आणि इलेक्ट्रिककडं वळला. चाहते हळहळले. गार्डसाहेबही हळहळायचे, चाळीस वर्षांनंतरही.

मी त्या भांडणात कोणत्या बाजूला होतो ते सांगण्यासारखं नाही, कारण माझी बाजू माझ्या पोटानं ठरवली होती. १९९५-९६ च्या सुमारास आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकानं एक कीबोर्ड घेतला. त्यात ड्रम होते, बास होता, आणि बटण दाबलं की गिटारचा 'ठेका' पण होता. माझ्याच गिटारसारखा, फक्त कधीही न चुकणारा आणि पाकीट न मागणारा. आधी ड्रमवाला गेला, मग बासवाला. मी वर्षभर तग धरली. एका नवरात्रात देवीच्या गाण्यांची कॅसेट निघाली. मी तिच्यात सहा गाणी वाजवली होती. कॅसेट हातात आली तर माझी गिटार कुठंच नाही, तिच्या जागी कीबोर्डवरचे व्हायोलिन. पैसेही मिळाले नाहीत. ती कॅसेट मी बर्डीवरून घरी येताना टेकडीच्या गणपतीसमोरच्या एका फुलवालीला देऊन टाकली. गणपतीला देवीची गाणी. असो.

त्यामुळे भाच्यानं लॅपटॉप घेतला तेव्हा मी एक शब्दही बोललो नाही, पण ताईला कळलं.

त्याला त्या यंत्रांचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यानंच मला टीबी-३०३ ची गोष्ट सांगितली. रोलँड या जपानी कंपनीनं १९८१ च्या अखेरीस काढलेलं चंदेरी रंगाचं छोटं खोकं. ते कुणासाठी काढलं होतं माहीत आहे? एकट्या गिटारवाल्यासाठी! घरी रियाज करताना साथीला बासवाला नसतो, तर हे खोकं बास वाजवेल. आवाज बासगिटारसारखा अजिबात येत नव्हता, म्हणून खपलं नाही, १९८४ ला बंद झालं. मग जुन्या बाजारात कवडीमोलानं गेलं आणि शिकागोतल्या पोरांनी त्याच्या खुंट्या नको तितक्या पिळून नाचायचं एक नवंच संगीत काढलं. पण त्यांच्याही आधी, १९८२ साली, मुंबईत एका माणसानं त्या खोक्यावर आणि रोलँडच्याच ताल-यंत्रावर दहा राग बसवून तबकडी काढली होती. चरणजित सिंग. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चाट पडले की हे इतक्या आधी कुणी केलं. चरणजित सिंग मूळचे कोण? हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे गिटार वाजवणारे.

"म्हणजे मामा, यंत्रानं गिटारवाल्याला हाकललं हे खरं आहे," भाचा म्हणाला, "पण यंत्र हातात घेतलं तेपण गिटारवाल्यानंच."

मी म्हटलं, हो, मुंबईत. आमच्या मालकानं घेतलं ते वेगळं.

चार दिवसांनी तो स्वतःच दुकानात आला. रात्रीचे नऊ, शटर अर्धं खाली. टेबलावरच्या मोटारी बाजूला सारून त्यानं लॅपटॉप ठेवला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "आता नीट ऐक. काही बोलू नको."

गुणगुण सुरू झाली. तीच, काकूंच्या कूलरची. पण तिला हेलकावा होता. हळूच फुगत होती, हळूच ओसरत होती, साधारण दहा सेकंदांत एकदा. झोपलेल्या माणसाची छाती असते तशी. मी म्हटलं, हे तू कॉम्प्युटरवर केलंस. तो म्हणाला, नाही. मी फक्त तिच्या खाली एक सूर ठेवलाय. बरोब्बर शंभरचा. कॉम्प्युटरचा, न हलणारा. हलते ती कूलरची.

आणि मग माझी ट्यूब पेटली. ग्रिड! देशभरच्या विजेचं जाळं!

विजेचे पन्नास सायकल कधीच बरोब्बर पन्नास नसतात. मागणी वाढली की देशभरची जनित्रं किंचित मंदावतात, मागणी उतरली की किंचित पळतात. नियमाप्रमाणे ४९.९० ते ५०.०५ च्या मधे राहायचं. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेकडची ग्रिड रायचूर-सोलापूर लाइननं बाकीच्या देशाला जोडली गेली, तेव्हापासून चेन्नईतला पंखा आणि त्रिमूर्तीनगरातला कूलर एकाच नाडीवर चालतात. रेकॉर्डिंग केलं त्या दुपारी ती नाडी ४९.९५ च्या आसपास असणार. सगळे कूलर चालू, आणखी काय होणार! म्हणजे काकूंची मोटार वाजत होती ९९.९ वर आणि कॉम्प्युटर १०० वर. दोन सुरांत एका दशांशाचा फरक, म्हणून दहा सेकंदांना एक हेलकावा. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा केसभर वेगळ्या लागल्या तर जे होतं तेच.

परदेशात पोलिस याचा उपयोग करतात म्हणे. टेपमधल्या गुणगुणीचा चढउतार विजेच्या नोंदींशी ताडून पाहिला की रेकॉर्डिंग कधीचं ते कळतं. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. नव्वदच्या दशकात ग्रिड पार खाली घसरलेली असायची, ४९ आणि त्याच्याही खाली. पाश्चात्त्य स्वरांत ४९ म्हणजे जवळजवळ नेमका जी, आपल्या पेटीवरची पांढरी पाच. म्हणजे भारनियमनाच्या त्या दिवसांत ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर माझी गिटार जी गुंगुं करायची ती सुरात होती! आणि मी मिठाचं पाणी ओतत बसलो होतो.

आता पन्नास झालेत, तर सूर पांढरी पाचच्या वर सरकलाय, काळी चारच्या दिशेनं साधारण एक तृतीयांश. भाच्यानं त्याला धरून अख्खी गिटार वर चढवली. जगभर ४४० ला लावतात, यानं ४४९ ला लावली. अमेरिकेतल्या गिटारवाल्याला हे इतक्या सहज जमणार नाही. तिकडं वीज साठ सायकलची, आणि साठ पडतो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे, धड इकडे ना तिकडे. चार्ली ख्रिश्चनच्या त्या गिटारमधेही एकच कॉइल होतं. त्याच्याही मागं गुणगुण असणार. पण ती सुरात कशी घेणार होता बिचारा.

बावीस सेकंदांनी लाकडी गिटार आली. दोन हेलकावे झाल्यावर, तिसरा उठता उठता. मुखडा आठ मात्रांचा, साधा, गुणगुणता येईल असा. मग उपज. जॅझमधला सोलो म्हणजे काय हे विचारणाऱ्यांना मी ठुमरीचं उदाहरण देतो: मुखडा एकदा दाखवला की गाणारा त्याच्या अंगणात कुठंही फिरायला मोकळा, फक्त संध्याकाळी घरी यायचं. हा फिरला आणि चांगला फिरला. मधे एका ठिकाणी तो षड्जावर, म्हणजे काकूंच्या कूलरवर, इतका वेळ थांबलाय की बोट उचललंय की नाही कळत नाही. गिटारचा सूर संपतो आणि कूलर तोच सूर पुढं चालू ठेवतो. जोड कुठं आहे ते मी दहा वेळा शोधलं. सापडत नाही.

बाकीच्या तुकड्यांबद्दल थोडक्यात. तिसरा नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवरचा आहे, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई लाइन जिथं एकमेकींना छेदतात तिथला. भिंतीबाहेर रस्त्यावर उभं राहून त्यानं रात्री गाड्यांचा आवाज टिपला. प्रवासी गाडीचा आवाज नीट ऐकलाय का कधी? एका डब्याची मागची चाकं आणि त्याच्या मागच्या डब्याची पुढची चाकं जवळजवळ असतात, म्हणून चार ठोके एकदम येतात आणि मग लांब श्वास. चार ठोके, श्वास. गाडी वेग घेते तसा श्वास आखडतो. त्यावर इलेक्ट्रिक गिटार उड्या मारत जाते. या तुकड्यात माझ्या बाबांची आठवण येते, पण ती माझी अडचण.

पाचवा मला आवडला नाही. त्यात त्यानं गिटारच्या एका सुराचे मोहरीएवढे कण केलेत आणि ते साडेसहा मिनिटं हवेत उधळलेत. तो म्हणतो, कॉम्प्युटरशिवाय हे शक्यच नाही. मी म्हटलं, शक्य आहे म्हणून केलंच पाहिजे असं नाही. त्याचं दैवत बिल फ्रिझेल हा अमेरिकन गिटारवाला. त्याचा १९८३ चा पहिला अल्बम यानं मला बसवून ऐकवलाय. साधी गिटार, इलेक्ट्रिक गिटार, कुठं जोडीला एक डबल बास, ड्रम औषधालाही नाही. त्यात केवढी मोकळी जागा आहे! पाचव्या तुकड्यात नेमकी तीच नाही. हे त्याला पटलेलं नाही.

सातव्यात माझं कॉइल आहे. एकदम साफ. नुसतं साफ.

आणि आठवा. तो ऐकताना मी हेडफोन काढून विचारलं, हा घुमारा कुठून आणला? देवळाच्या गाभाऱ्यातल्यासारखा, पण त्यात एक पत्र्याची झाक. तो हसायला लागला. अडगळीत त्यांचा जुना पत्र्याचा कूलर पडला होता, मोटार जळलेला. त्यानं खस काढून टाकली, टाकीत दोन बोटं पाणी ठेवलं, आत एक छोटा स्पीकर टांगला, स्पीकरमधून गिटार सोडली आणि दुसऱ्या बाजूला जाळीशी माइक धरला. कूलरचा पत्रा जे काही परत बोलला ते रेकॉर्ड केलं. यात येडेपणा काही नाही. १९५७ पासून मोठ्या स्टुडिओंत घुमाऱ्यासाठी हेच वापरायचे: स्प्रिंगांवर टांगलेला पोलादी पत्रा, दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद, पेटीसकट पावणेतीनशे किलोच्या आसपास. त्रिमूर्तीनगरातला भंगारात चौदा किलो भरला असता.

मी विचारलं, "पाणी कशाला ठेवलं?"

"बिनपाण्याचा पण करून पाहिला. कोरडा वाटून राहिला होता."

हे वाक्य तो अगदी सहज बोलला. शटर ओढून आम्ही दोघं लॉ कॉलेज चौकापर्यंत चालत गेलो, तर्री-पोह्याची गाडी अजून उघडी होती. त्याच्या बोटांच्या टोकांना तेच घट्टे जे माझ्या बोटांवरून जाऊन आता पंचवीस वर्षं झाली. पोहे खाताना तो गप्प होता. मग म्हणाला, मामा, ती कॅसेट असती ना, तर तुझी गिटार काढली तरी तिच्याखालची गुणगुण राहिली असती टेपवर. मी शोधली असती.

मी त्याला फुलवालीचं सांगितलं नाही.

या वर्षीही मार्च लागला. परवा एक जण मोटार घेऊन आला, म्हणाला, भाऊ, बुश परवाच टाकली, तरी आवाज जात नाही. मी सिरीज बल्बवर तपासली, मग थेट लावली. स्टॅम्पिंग ढिलं. स्वच्छ शंभर. दुकानात मागं खुंटीला भाच्याची जुनी गिटार टांगलेली असते हल्ली. मी ती काढली, जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि खुंटी पिळत पिळत मोटारीला मिळवली. मिळाली तेव्हा टेबलावरचे स्क्रू थरथरले.

गिऱ्हाईक माझ्याकडं बघत होतं.

"दुरुस्त होईल ना भाऊ?"

"होईल ना," मी म्हटलं. "दोन मिनिटं चालू राहू द्या."